दिवा उजळ, रोपं लुळी: घरी बनवलेल्या एलईडी ग्रो लाइटचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. पूर्वेच्या गॅलरीत मेथी, कोथिंबीर, तुळस आणि दर उन्हाळ्यात मिरचीची रोपं, असा घरातल्या बाईंचा बरीच वर्षं चाललेला क्रम. शेजारची तीन मजली इमारत पुनर्विकासात पाडली गेली, तिच्या जागी अकरा मजले उभे राहिले आणि गॅलरीतलं सकाळचं ऊन संपलं. या नोंदीत त्या बाईंना मावशी म्हणू, कारण सगळी खटपट ज्याने केली तो त्यांचा भाचा. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता, त्यामुळे सोल्डरिंगची सवय होती. झाडांची नव्हती.

गॅलरीच्या आतल्या भिंतीला स्लॉटेड अँगलची रॅक होती. तिचा कप्पा ९० सेंटीमीटर लांब आणि ४० सेंटीमीटर रुंद, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. वरच्या फळीपर्यंतचं अंतर जेमतेम ४५ सेंटीमीटर. हे अंतर पुढे फार महाग पडलं.

अडचण

मेथी उगवत होती, पण आठवडाभरात सुतासारखी लांब होऊन आडवी पडायची. मिरचीच्या रोपांत दोन पेरांमधलं अंतर बोटभर, देठ काडीसारखे. मावशींनी आधी खत वाढवलं, मग कोकोपीट बदललं. पानं हिरवी आणि देठ लांबुळके असतील तर पहिला संशय प्रकाशावरच घ्यावा. खत वाढवून अशी रोपं आणखीच लुळी पडतात.

भाच्याने लक्समीटर (डोळ्याला दिसणारा उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र) आणून मोजलं तेव्हा भर दुपारी कप्प्यावर १,२०० लक्स होते. माणसाला ही खोली चांगली उजेडाची वाटते. मेथीच्या हिशेबात तो अंधार आहे. दिवसाच्या प्रकाशात लक्सला ५४ ने भागलं की झाडाच्या उपयोगाचा प्रकाश (४०० ते ७०० नॅनोमीटरमधला) साधारण कळतो: दर चौरस मीटरला दर सेकंदाला २२ मायक्रोमोल (मोल हे प्रकाशकण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). असा प्रकाश दहा तास मिळाला तर दिवसाची बेरीज ०.८ मोल होते. पालेभाजीला दिवसाला १२ ते १७ मोल मिळाले तर ती जोमाने वाढते. आठ-नऊ मोलांवर वाढ सावकाश होते, पण रोप ताठ राहतं. फळांवर येणाऱ्या मिरचीला २० च्या पुढे लागतात, म्हणून मिरची इथे फक्त रोपापर्यंत वाढवायची असं ठरलं. हा निर्णय योग्य होता.

पहिला प्रयत्न

उन्हाची उणीव भरून काढायला रोपांसाठीचा दिवा, म्हणजे ग्रो लाइट, घरीच बनवायचं ठरलं. पण भाच्याने मोजमाप झाडापासून सुरू केलं नाही, वॅटपासून केलं. बाजारात ५० वॅटची चौकोनी सीओबी चिप (एकाच पाटीवर दाटीने बसवलेल्या एलईडी) मिळते, जिला वेगळा ड्रायव्हर (एलईडीला हवा तसा प्रवाह पुरवणारा डबा) लागत नाही. २३० व्होल्टच्या दोन तारा थेट चिपवर. शंभर-दीडशे रुपयांत ५० वॅट म्हटल्यावर दोन चिप घेतल्या, पंख्यांशिवायच्या छोट्या हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवल्या आणि वरच्या फळीखाली एकमेकींपासून ४५ सेंटीमीटर अंतराने लावल्या. हीटसिंक, चिप आणि ट्रे यांची उंची वजा केल्यावर पानं आणि चिप यांच्यात फक्त २० सेंटीमीटर उरले.

तिसऱ्या आठवड्यात तीन गोष्टी एकदम समोर आल्या.

चिपच्या बरोबर खालची कोथिंबीर कडेने करपून वळली, कोपऱ्यातली मेथी मात्र पूर्वीसारखीच लुळी. आकड्यांत हे स्वच्छ दिसतं: चिपखाली ३४,००० लक्स, दोन चिपांच्या मध्ये १३,०००, कोपऱ्यात ३,२००. दिव्यातून एकूण प्रकाश भरपूर निघत होता. एका बिंदूतून निघालेला प्रकाश जवळच्या पानावर ओतला जातो आणि कडेला पोचेपर्यंत विरतो, त्यात बिंदू २० सेंटीमीटरवर असेल तर जास्तच. दिवा ६० सेंटीमीटर वर नेता आला असता तर फरक कमी झाला असता, पण रॅकमध्ये तेवढी जागाच नव्हती.

दुसरं, हीटसिंक बोट ठेवता येणार नाही इतका तापत होता आणि एक चिप लुकलुकून बंद पडली. छोट्या हीटसिंकवर ५० वॅटची चिप पंख्याशिवाय चालवली की हे ठरलेलंच.

तिसरी गोष्ट खरी गंभीर. मावशींनी स्प्रे बाटलीने पाणी मारलं आणि घराचा ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला. दोनदा. बोलावलेल्या वायरमनचं मत पडलं की ईएलसीबी जुना झालाय, तो काढून सरळ जोडून टाकू. भाच्याने मात्र आधी दिव्याचा प्लग काढून ठेवला. दोन दिवस ईएलसीबी पडला नाही, तेव्हा दोष कुठे आहे ते कळलं. अशा चिपमध्ये २३० व्होल्टचा मार्ग आणि अ‍ॅल्युमिनियमची पाठ यांच्यात कागदाएवढा इन्सुलेशनचा थर असतो. पाठ हीटसिंकला, हीटसिंक लोखंडी रॅकला, रॅकवर ओले ट्रे. ३० मिलिअँपिअरला पडणाऱ्या ईएलसीबीने आपलं काम चोख केलं होतं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता, तर तो काढू न देणं.

पुढचे पर्याय

आता वही काढून उलट्या दिशेने हिशेब मांडला गेला. लक्ष्य: पानांवर सरासरी २०० मायक्रोमोल, १६ तास. २०० गुणिले १६ गुणिले ३,६०० भागिले दहा लाख, म्हणजे दिवसाला ११.५ मोल. कप्पा ०.३६ चौरस मीटरचा, म्हणून पानांवर सेकंदाला ७२ मायक्रोमोल पोचायला हवेत. कडेने सांडणारा आणि बाजूंना शोषला जाणारा प्रकाश २८ टक्के धरला तर दिव्यातून १०० निघायला हवेत. ४००० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत १,००० ल्युमेनमागे (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) साधारण १४.५ मायक्रोमोल मिळतात. म्हणजे हवेत ७,००० ल्युमेन. वॅटला १३० ल्युमेन देणाऱ्या एलईडी घेतल्या तर ५४ वॅट. आधीच्या १०० वॅटच्या जवळपास निम्मे.

लाल-निळ्या एलईडीचं जांभळं तयार पॅनल सर्वांत आधी बाद झालं. अशा पॅनलवर छापलेले ‘१००० वॅट’ प्लगला मीटर लावून बघितले की फार खाली येतात. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की करपलंय ते दिसत नाही, आणि गॅलरीत रोज रात्री जांभळा प्रकाश मावशींना नको होता. हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी, ही समजूतही यामागे असते. संशोधक मॅक्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिकांच्या पानांवर केलेल्या मोजणीत हिरवा प्रकाशही बऱ्यापैकी वापरला जातो हे दिसलं होतं. पांढरी एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फर. तिच्यातून निळा, हिरवा, लाल सगळंच थोडंथोडं मिळतं, आणि पालेभाजीला ते पुरतं.

दुसरा पर्याय घरगुती बॅटनचा, म्हणजे ट्यूबलाइटसारख्या लांब एलईडी दिव्याचा. चार फुटी २० वॅटच्या बॅटनमधून २,००० ल्युमेन मिळतात, सोल्डरिंग नाही, २३० व्होल्टचा भाग प्लॅस्टिकच्या आत बंद. पण रॅक तीन फुटी, बॅटन चार फुटी. दोन फुटी १० वॅटच्या बॅटन घ्यायच्या तर ७,००० ल्युमेनला सात लागतात आणि दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा सेंटीमीटर उजेड कमी पडतो. त्यामुळे हा पर्याय मागे पडला. खरं तर इथे घाई झाली, त्याबद्दल पुढे.

तिसरा पर्याय निवडला: अ‍ॅल्युमिनियम पीसीबीवरच्या (सर्किटच्या पाटीवरच्या) २८३५ आकाराच्या एलईडीच्या पट्ट्या आणि आयसोलेटेड ड्रायव्हर, म्हणजे ज्याचं आउटपुट मेनच्या विजेपासून वेगळं असतं असा.

बांधणी

साहित्य असं होतं. ४० सेंटीमीटरच्या सहा पट्ट्या, रंग ४००० केल्विन. प्रत्येक पट्टीवर अर्ध्या वॅटच्या २४ एलईडी: १२ एकामागे एक, अशा दोन समांतर रांगा. पट्टीला ३६ व्होल्ट आणि २५० मिलिअँपिअर दिले की ९ वॅट होतात. ड्रायव्हर १.५ अँपिअर स्थिर प्रवाहाचा, २४ ते ४२ व्होल्टचा. उष्णतेसाठी २५ बाय १२ मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियमचं यू-चॅनल, जे सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडे कापलेल्या तुकड्यांत वजनावर मिळालं.

अर्ध्या वॅटची एक एलईडी १५० मिलिअँपिअर सोसते, इथे तिला १२५ दिले. हा फरक मुद्दाम ठेवला. सहा पट्ट्या एकाच स्थिर प्रवाहाच्या ड्रायव्हरला समांतर जोडल्या की एक पट्टी सुटली तरी ड्रायव्हर १.५ अँपिअर ढकलतच राहतो. उरलेल्या पाच पट्ट्यांना मग प्रत्येकी ३०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे एलईडीला नेमके १५०. सहन होतं. दोन सुटल्या तर होत नाही, आणि मग एकामागून एक जळतात. अशी जोडणी करताना एलईडी पूर्ण क्षमतेने चालवू नये ती यासाठी.

ड्रायव्हर आयसोलेटेड आहे का, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडलं नाही. लेबलवर तो शब्द, आउटपुट ६० व्होल्टच्या खाली, भारतीय मानकाचा आयएस १५८८५ हा क्रमांक आणि ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघितला. मग प्लगला न लावता मल्टिमीटरने इनपुटच्या दोन तारा आणि आउटपुटच्या दोन तारा यांच्यात चारही जोड्या तपासल्या. कुठेही वहन नको. स्वस्त ड्रायव्हरांत आउटपुटवर ८० ते १५० व्होल्ट असतात आणि ते मेनपासून वेगळे नसतात. असा ड्रायव्हर पाण्याजवळ आणायचाच नाही.

जोडणीचा क्रम: चॅनलची पाठ बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसायची, थर्मल पेस्टचा पातळ हात द्यायचा (जाड थराने उष्णता अडते), पट्टी ठेवून एम३ स्क्रूने घट्ट करायची. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर हवाच. एका पट्टीत तो विसरला आणि स्क्रूचं डोकं तांब्याच्या मार्गाला टेकलं. सुदैवाने पुढच्या तपासणीत सापडलं: पट्टीची धन बाजू आणि चॅनल यांच्यात मल्टिमीटरने काहीही दाखवता कामा नये, इथे त्याने शिटी वाजवली.

सोल्डरिंगला २५ वॅटचा जुना गन चालला नाही. अ‍ॅल्युमिनियम पीसीबी उष्णता शोषून घेते, कथील वरवर चिकटतं आणि थेंब राखाडी, खडबडीत दिसतो. ६० वॅटचा गन, रुंद टोक आणि फ्लक्स वापरल्यावर सांधे चकचकीत आले. सोपा उपाय म्हणजे तारा चॅनलवर बसवण्याआधीच लावून घ्यायच्या. भाच्याने उलटं केलं, म्हणून सहापैकी दोन सांधे पुन्हा करावे लागले.

प्रत्येक पट्टीच्या तारेत १ ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घातला. याचा खरा उपयोग मोजण्यासाठी: रेझिस्टरच्या दोन टोकांवर जेवढे मिलिव्होल्ट, तेवढेच मिलिअँपिअर त्या पट्टीतून जातात. तार तोडायची गरज नाही. सहा पट्ट्यांत २३८ ते २६२ आले. एवढा फरक चालतो. सगळ्या पट्ट्या एकाच लॉटच्या घेतल्या होत्या म्हणून तो एवढाच राहिला.

पट्ट्या आडव्या, रुंदीच्या दिशेने लावल्या. मध्ये १७ सेंटीमीटर आणि टोकांकडे १४, कारण टोकाला एकाच बाजूने प्रकाश येतो. पानांपासून उंची २३ सेंटीमीटर. दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या सव्वा-दीडपट उंची ठेवली की खाली पट्टे उमटत नाहीत. तीन बाजूंना पांढरं सनबोर्ड (फोमची हलकी पाटी). स्वयंपाकघरातली चकचकीत फॉइल सुचवली जाते, पण तिच्या सुरकुत्यांमुळे प्रकाश एका जागी गोळा होतो आणि सुट्या तारेजवळ धातू नकोच.

ड्रायव्हर रॅकच्या बाहेरच्या बाजूला, ट्रेच्या वर. तारेला ड्रायव्हरखाली झोल, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच गळतं. तीन पिनी प्लग, अर्थची तार सांगाड्याला.

उष्णता मोजताना एक फसगत झाली. इन्फ्रारेड थर्मामीटरने चॅनल ३१ अंश दाखवला, तेव्हा खोलीच ३० अंशांवर होती. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे यंत्र कमीच दाखवतं. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजलं तेव्हा ४७ आले. पुण्याच्या एप्रिलात हे पन्नाशीच्या थोडं पुढे जाईल, त्याने एलईडीचं काही बिघडत नाही.

काय झालं

पंधरा ठिकाणी मोजून सरासरी १३,४०० लक्स आली: मध्ये १५,५००, कोपऱ्यात १०,२००. पांढऱ्या एलईडीसाठी ७० ने भागायचं, म्हणजे सुमारे १९० मायक्रोमोल आणि १६ तासांत ११ मोल. मोबाइलचं अ‍ॅप याच जागी ९,००० दाखवत होतं. अ‍ॅप दोन जागांची तुलना करायला ठीक, आकडा घ्यायला नाही.

मेथी दहाव्या दिवशी ताठ उभी होती. मिरचीची रोपं सहा आठवड्यांत सहा-सात पानांची, आखूड पेरांची झाली आणि गच्चीवरच्या कुंड्यांत गेली. तिथेही पहिला आठवडा सावलीत ठेवूनच. दिव्याखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानांवर पांढरे डाग पडतात.

कोथिंबिरीने मात्र धोका दिला. पाचव्या आठवड्यात पानं कातरलेली, बडीशेपेसारखी बारीक झाली आणि मधून दांडा वर आला: फुलावर जायची खूण. कारण टायमरमध्ये होतं. कोथिंबीर मोठ्या दिवसाला फुलते, उष्णतेने आणखी लवकर. १६ तास म्हणजे तिच्यासाठी मोठा दिवस, पुण्यात जूनमध्येही दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो. टायमर १३ तासांवर आणला. दिवसाची बेरीज ८.९ मोलांवर आली, वाढ हळू झाली, पण पुढच्या पेरणीची पानं खुडत दोन महिने मिळाली. प्रकाश किती आणि किती तास, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आधीच्या वहीत कुठेच नव्हतं.

टायमरबद्दल आणखी एक. पहिला फिरत्या चकतीचा होता. वीज गेली की चकती थांबते, दोन तासांच्या भारनियमनाने सगळं वेळापत्रक दोन तास मागे. महिनाभरात दिवे रात्री अडीचला बंद होऊ लागले. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेतल्यावर हे थांबलं.

सनबोर्डने हवा कोंडली तेव्हा मेथीच्या एका ट्रेत बुडखे कुजून रोपं कोलमडली. कोकोपीट सतत ओलं, वर शेवाळाचा हिरवा थर. पाणी एक दिवसाआड केलं, वरचा थर वाफशावर येऊ दिला आणि संगणकाचा १२ सेंटीमीटरचा जुना पंखा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर बसवला. पानं जेमतेम हलतील इतकाच वारा. पुन्हा तसं झालं नाही.

दुसऱ्या महिन्यात डावीकडचं टोक मंद वाटलं. रेझिस्टरवर मोजलं तर एक पट्टी शून्य, बाकी पाच २९० ते ३१०. पुन्हा केलेल्या दोन सांध्यांपैकीच एक सुटला होता. दिवा ‘चालू’ दिसत होता, म्हणून किती दिवस असा चालला ते सांगता येत नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा सहा आकडे वहीत लिहिले जातात.

खर्च

पट्ट्या ९००, ड्रायव्हर ६५०, चॅनल २५०, तारा-स्क्रू-रेझिस्टर २००, डिजिटल टायमर ४५०, सनबोर्ड १५०: एकूण २,६०० रुपये. त्याआधी वाया गेलेले सातशेच्या आसपास वेगळे. प्लगवर ६१ वॅट, १३ तासांत दिवसाला ०.८ युनिट, महिन्याला २४. युनिटला १० रुपये धरले तरी २४० रुपये. मंडईतल्या जुडीच्या भावाशी ही तुलना करू नये, केली तर मंडईच जिंकते. मावशींनी ती केली आणि म्हणाल्या, ‘‘तुळस धर त्यात.’’

वेगळं काय करता आलं असतं

रॅक चार फुटी घेता आली असती. जुनी विकून नवी घ्यायला फार पैसे लागले नसते. मग २० वॅटच्या चार बॅटन शेजारी शेजारी: ८,००० ल्युमेन, ०.४८ चौरस मीटरवर साधारण १२,००० लक्स, १७० मायक्रोमोल. मेथी, पालक, तुळस, मिरचीची रोपं सगळ्यांना पुरेसे, आणि सोल्डरिंगचा सांधा एकही नाही. ज्या घरात मल्टिमीटर नाही तिथे आम्ही हाच मार्ग सांगू. पट्ट्यांचा दिवा बनवायचा तर हातात मोजमाप हवं आणि ते दर महिन्याला करायची तयारी हवी.

दुसरं, सहा पट्ट्या समांतर जोडण्याऐवजी १८ व्होल्टच्या पट्ट्या दोन-दोन एकामागे एक जोडून तीनच शाखा करता आल्या असत्या. शाखा कमी झाल्या की त्यांच्यातला प्रवाह जुळवणं सोपं. पण एक शाखा सुटली तर उरलेल्या दोघींवर दीडपट प्रवाह येतो, म्हणून तिथे प्रत्येक शाखेत फ्यूज लागलाच असता.

कोथिंबिरीला मेथीपासून वेगळा कप्पा आणि वेगळा टायमर हवा होता. ते काम अजून व्हायचं आहे. खालच्या कप्प्याची वरच्या फळीपर्यंतची उंचीही ४५ सेंटीमीटरच आहे, त्यामुळे तिथेही पट्ट्याच लागतील. या वेळी तारा चॅनलवर बसवण्याआधी लावायच्या, असं भाच्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.